ग्रीन चिप, ग्रीन इलेक्ट्रॉनिक्स: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पर्यावरणपूरक मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सवर जगभरच्या विद्यापीठांमधे सध्या बरंच काम चाललंय, पण आपल्यापर्यंत पोचतात त्या बातम्या ठराविकच, पाण्यात विरघळणारी चिप नाहीतर मशरूमवर बनवलेलं सर्किट. ही कामं चांगलीच आहेत, पण खरा भार कुठं आहे आणि त्यावर कोण काम करतंय हे त्यातून कळत नाही. इंजिनिअरिंगची मुलंमुली आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न सारखे विचारतात ते इथं एकत्र केलेत.

चिप नखाएवढी असते, तिचा पर्यावरणावर असा किती भार पडणार?

हा प्रश्न नीट मोजून सोडवायचा प्रयत्न २००२ साली झाला. टोकियोच्या युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटीत एरिक विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी ३२ एमबीची एक साधी मेमरी चिप घेतली, वजन २ ग्रॅम, आणि ती बनवायला आणि आयुष्यभर वापरायला मिळून काय काय लागतं याचा हिशोब मांडला. उत्तर आलं जवळपास १६०० ग्रॅम कोळसा-तेल-गॅससारखं इंधन, ७२ ग्रॅम केमिकल, ३२ किलो पाणी आणि वर ७०० ग्रॅम गॅस, तो बहुतेक नायट्रोजन. म्हणजे दोन ग्रॅमच्या वस्तूमागे नुसतं इंधन आणि केमिकल धरलं तरी पावणेदोन किलोच्या आसपास जातं.

कारण काय तर शुद्धता. वाळू-क्वार्ट्झमधला सिलिकॉन आधी विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून काढतात, मग त्याचं क्लोरीनचं संयुग करून ते डिस्टिल करतात, मग हजार डिग्रीच्या वर पुन्हा घन सिलिकॉन जमवतात, मग तो वितळवून त्यातून एकच अखंड क्रिस्टल खेचतात, आणि हे सगळं झाल्यावर हातात येतो तो फक्त कोरा वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. चिप बनवायचं काम त्यानंतर सुरू होतं आणि त्यात शेकडो पायऱ्या असतात. वस्तू जेवढी छोटी आणि नेमकी तेवढा तिच्यामागचा पसारा मोठा, असं या धंद्यात खरंच आहे.

पण फोन-लॅपटॉप वर्षानुवर्षं वीज खातात, खरा कार्बन तर त्यातच असेल ना?

पूर्वी असंच धरून चालायचे आणि म्हणून पंचवीस-तीस वर्षं सगळा भर कमी वीज खाणाऱ्या चिपवर होता. हार्वर्ड आणि फेसबुकमधल्या उदित गुप्ता, कॅरोल-जीन वू, डेव्हिड ब्रूक्स, गु-येऑन वेई वगैरे मंडळींनी कंपन्यांचे स्वतःचेच पर्यावरण अहवाल एकत्र करून तपासले आणि २०२१ च्या सुमाराला दाखवून दिलं की मोबाईलच्या बाबतीत चित्र उलटं झालंय. ॲपलच्या २०१९ च्या आकड्यांमधे एकूण कार्बनपैकी साधारण तीन चतुर्थांश वस्तू बनवण्यातच गेलेला होता. कमी वीज खाणाऱ्या चिप बनवण्यात इतकं यश मिळालं की वापरातला कार्बन घटला आणि बनवण्यातला उघडा पडला.

हे एकदा पटलं की पुढचे सगळे प्रश्न बदलतात. फोन जर विकत घेतानाच बहुतेक कार्बन खर्च करून आलेला असेल तर तो दोनऐवजी पाच वर्षं वापरणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा उपाय ठरतो, आणि रिसर्चचा भर चार्जरवरून कारखान्याकडे न्यावा लागतो. २०२४ मधे अमेरिकेच्या एनएसएफ या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या कार्बन कनेक्ट नावाच्या प्रकल्पाला १.२ कोटी डॉलर दिले ते याच कामासाठी, की कॉम्प्युटरचा कार्बन जन्मापासून शेवटपर्यंत मोजायची एकसारखी पद्धत तयार व्हावी.

कारखान्यात एवढी वीज जाते तरी कुठं?

थोडी थोडी सगळीकडे. क्लीनरूमची, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीची, हवा अखंड फिल्टर होत राहावी लागते, तापमान आणि दमटपणा जरा हलला तरी चालत नाही, व्हॅक्यूम पंप आणि चिलर रात्रंदिवस सुरू, दिवाळी असो की गणपती. त्यात आता सगळ्यात पुढच्या चिपसाठी ईयूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने वेफरवर नक्षी छापणारं, मशीन आलंय. त्यात कथलाचे बारीक थेंब सेकंदाला पन्नास हजार या वेगाने सोडतात आणि प्रत्येकावर लेसर मारतात, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश मिळतो, पण हा प्रकाश काच, हवा सगळंच शोषून घेतं म्हणून सगळं व्हॅक्यूममधे आणि आरशांवरून न्यावं लागतं, आणि दर आरसासुद्धा तीसेक टक्के खातो. दहाएक आरसे झाल्यावर वेफरवर पडतो तो अगदी थोडा. म्हणून एकेक मशीन मेगावॉटच्या घरात वीज ओढतं.

बेल्जियममधल्या ल्युव्हेन शहरात आयमेक म्हणून संस्था आहे, १९८४ मधे तिथल्या विद्यापीठातूनच निघालेली. तिथल्या लोकांनी २०२० मधे हिशोब मांडला की २८ नॅनोमीटरच्या जुन्या पिढीच्या चिपपासून २ नॅनोमीटरच्या नव्या पिढीपर्यंत जाताना एका वेफरमागची वीज साधारण साडेतीन पट होते, पाणी दुपटीच्या वर आणि ग्रीनहाऊस गॅस अडीच पट. आता एक वेफर म्हणजे एक चिप नाही, नव्या वेफरवर ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले बारीक स्विच, प्रचंड जास्त बसतात, त्यामुळे दर ट्रान्झिस्टरमागे भार कमीच होतो. पण जगात वेफरची संख्याही कमी होत नाहीये, त्यामुळे एकूण आकडा वाढतो. या हिशोबाचं महत्त्व असं की डिझाईन करतानाच वेग, वीज, जागा, किंमत यांच्या रांगेत पर्यावरणाचा आकडा पण धरा असं त्यांनी सांगितलं. आधी डिझाईन पक्कं करायचं आणि मग कारखान्याने चिमणीवर फिल्टर लावायचा ही पद्धत पुरत नाही.

आणि पाणी? ते तर शेवटी नदीतच परत जातं ना?

विद्यापीठाच्या एखाद्या क्लीनरूममधे वेफर धुताना बघा म्हणजे कळेल. १९६५ मधे आरसीए कंपनीत वर्नर कर्न यांनी बसवलेली धुण्याची पद्धत अजून चालते. अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साईडच्या गरम मिश्रणात वेफर बुडवायचे, मग पाण्याने धुवायचे, मग हायड्रोक्लोरिक ॲसिडवालं मिश्रण, परत पाणी, मधे गरजेप्रमाणे हायड्रोफ्लुओरिक ॲसिडची एक बुडी, परत पाणी. धुताना टाकीच्या तळातून पाणी सोडतात, ते वरून ओसंडून वाहतं, आणि मीटरवरचा रेझिस्टन्स परत वर चढेपर्यंत, म्हणजे पाणी परत शुद्ध होईपर्यंत, नळ बंद करायचा नाही. टाकीत असतो हातात मावेल एवढा वेफरचा कॅरियर, आणि बाहेर जातं ते लिटरवर लिटर. हे पाणी साधं नसतं, १८.२ मेगाओहमचं, म्हणजे त्यात जवळजवळ काहीच विरघळलेलं नाही असं, आणि ते बनवताना नळाच्या पाण्याचा बराच भाग आधीच बाजूला टाकावा लागतो.

एका संपूर्ण प्रक्रियेत असं धुणं कितीतरी वेळा होतं. २०२१ मधे तैवानमधे ५६ वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ पडला तेव्हा चिप कारखान्यांना टँकरने पाणी आणावं लागलं आणि काही भागातल्या शेतीचं पाणी बंद केलं. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. विद्यापीठांमधे यावर होतंय ते काम दोन प्रकारचं, एक म्हणजे धुण्याच्या पायऱ्याच कमी करता येतील का, आणि दुसरं, वेगवेगळ्या टाकीचं पाणी एकत्र गटारात न सोडता वेगळं ठेवून परत वापरता येईल का. दुसऱ्यात बातमी होईल असं काही नसतं, पण उपयोग मोठा आहे.

कुठल्या गॅसबद्दल बोलतात सगळे?

फ्लोरीनवाले गॅस. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात कमी चर्चा झालेला आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

सिलिकॉनवर बारीक खाचा पाडायच्या तर प्लाझ्मा, म्हणजे विजेने चेतवलेला गॅस, वापरतात, आणि सिलिकॉन खायला फ्लोरीन लागतो. फ्लोरीन आत पोचवायचा तर त्याचे स्थिर गॅस वापरतात, कार्बन टेट्राफ्लोराईड, सल्फर हेक्झाफ्लोराईड, नायट्रोजन ट्रायफ्लोराईड वगैरे. त्रास असा की आत गेलेला सगळा गॅस वापरला जात नाही, बराचसा न तुटताच बाहेर पडतो. आणि वातावरणात गेल्यावर ह्याला तोडणारं फारसं काही नसतं. कार्बन टेट्राफ्लोराईड पन्नास हजार वर्षं टिकतो. सल्फर हेक्झाफ्लोराईड शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साईडच्या वीस हजार पटीहून जास्त उष्णता अडवतो. म्हणजे आज सोडलेला एक किलो आपल्या माहितीतल्या सगळ्या पिढ्यांच्या पलीकडे जाऊन काम करत राहणार.

उपाय काय करतात? पहिला, हे काम ज्या बंद पेटीत चालतं ते चेंबर साफ करायला जुने गॅस सोडून नायट्रोजन ट्रायफ्लोराईड बाहेरच्या प्लाझ्मात तोडून आत सोडतात, तो जवळजवळ सगळा तुटतो. दुसरा, बाहेर पडणारा गॅस जाळून किंवा प्लाझ्माने तोडून टाकतात. पण जाळायला इंधन लागतं, तुटल्यावर हायड्रोफ्लुओरिक ॲसिड तयार होतं, ते पाण्याने धुवावं लागतं, म्हणजे गॅस वाचवताना पाणी आणि इंधन गेलं. तिसरा उपाय मुळावरचा, गॅसच बदलायचा. हेक्झाफ्लोरोब्युटाडाईन नावाचा गॅस खाचा चांगल्या पाडतो आणि हवेत काही दिवसांतच मोडतो. साफ करायला नुसता फ्लोरीन वापरला तर तापमानवाढीचा प्रश्नच नाही, पण तो भयंकर विषारी, साठवायचा आणि न्यायचा कसा हा मोठा प्रश्न. असा एकेक गॅस घेऊन खाचेची भिंत सरळ येते का, वेग किती, बाहेर काय पडतं हे महिनोन्महिने मोजत बसणारे पीएचडीचे विद्यार्थी आहेत, त्यांची बातमी कधी येत नाही, आणि माझ्या लेखी तेच या क्षेत्राचे खरे कर्ते आहेत.

पीफास पण चिपमधे असतात का?

पीफास म्हणजे निसर्गात सहज न मोडणारी कार्बन-फ्लोरीनवाली केमिकल. चिपमधे ते फारसे उरत नाहीत, पण बनवताना ठिकठिकाणी लागतात. फोटोरेझिस्टमधे, म्हणजे नक्षी छापायला वेफरवर लावतात त्या थरात, प्रकाश पडला की ॲसिड सोडणारे रेणू असतात त्यात, पंपाच्या तेलात, पाइपात, मशीन थंड करायच्या द्रवात. २०२३ मधे जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे यांनी मिळून युरोपात पीफासवर सरसकट बंदीचा प्रस्ताव मांडला आणि उद्योगाची धावपळ झाली. कॉर्नेल विद्यापीठात क्रिस्टोफर ओबर यांचा गट पीफास नसलेले रेझिस्ट बनवतोय. अवघड काम आहे, कारण कार्बन-फ्लोरीनचा जो बंध निसर्गात तुटत नाही म्हणून आपण घाबरतो, त्याच्याच गुणांमुळे तो रेणू रेझिस्टमधे इतका चांगला चालतो.

पाण्यात विरघळणाऱ्या, मशरूमवरच्या चिप येणार का बाजारात?

आधी काय काय झालंय ते सांगतो. २०१२ मधे इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि टफ्ट्स विद्यापीठाचे फिओरेंझो ओमेनेट्टो यांनी रेशमावर अतिपातळ सिलिकॉन आणि मॅग्नेशियम वापरून असं सर्किट केलं जे शरीरातल्या पाण्यात हळूहळू विरघळतं. सिलिकॉन पाण्यात विरघळतो हे ऐकून विचित्र वाटतं पण तो दिवसाला काही नॅनोमीटर या गतीने विरघळतोच, फक्त नेहमीची चिप इतकी जाड असते की ते कधी जाणवत नाही. २०१५ मधे विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या झेनकियांग मा यांच्या गटाने लाकडापासूनच्या सेल्युलोज नॅनोफायब्रिलच्या कागदावर चिप केली आणि लाकूड कुजवणारी बुरशी ती खाते हे दाखवलं. २०१७ मधे स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने असा सेमीकंडक्टर पॉलिमर केला जो व्हिनेगरसारख्या सौम्य ॲसिडने मोडतो. ऑस्ट्रियात लिंझच्या योहानेस केप्लर विद्यापीठात तर या विषयाची परंपराच आहे, तिथं आपल्या नीळीपासून म्हणजे इंडिगोपासून ट्रान्झिस्टर केलेत, आणि २०२२ मधे बीचच्या लाकडाच्या भुशावर वाढवलेल्या गॅनोडर्मा मशरूमची वरची साल वाळवून तिच्यावर सर्किट केलं. ही साल दोनशे डिग्रीच्या वर तापमान सोसते, म्हणजे सोल्डरिंग झेपतं, आणि हजारो वेळा वाकवली तरी चालते.

आता माझं मत. शरीरात काही आठवडे राहून नाहीसं व्हायचं इम्प्लांट, जखमेवरची पट्टी, शेतात टाकायचे सेन्सर, अशा ठिकाणी हे संशोधन अनमोल आहे, ऑपरेशन करून वस्तू परत काढावी लागत नाही ही पेशंटसाठी केवढी सुटका आहे. पण तुमच्या फोनचा प्रोसेसर असा होणार नाही, आणि व्हायला पण नको, कारण कार्बन बनवण्यात गेलेला असताना वस्तू लवकर नाहीशी होणं हा तोटाच आहे. शिवाय लिंझच्या कामातसुद्धा मशरूमची होती ती खालची साल, वर बसवलेल्या चिप नेहमीच्याच होत्या, उलट साल मोडली की त्या काढून परत वापरता याव्यात हाच त्यांचा हेतू. बातमीत नेमकं हेच गळतं.

मग ई-कचऱ्यावर विद्यापीठांकडे काय उपाय आहे?

२०२२ मधे जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नोंद असलेल्या मार्गाने गोळा होऊन रिसायकल झाला. यातला सगळ्यात हट्टी भाग म्हणजे चिप आणि पार्ट ज्यावर बसवतात तो हिरवा बोर्ड. काचेचे धागे आणि इपॉक्सी एकत्र घट्ट केलेले, इपॉक्सी एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही, म्हणून लोक तांबं-सोनं काढायला बोर्ड जाळतात किंवा ॲसिडमधे टाकतात आणि बाकीचं फेकतात. दिल्लीच्या सीलमपूरला हे वर्षानुवर्षं चाललंय, धूर थेट काम करणाऱ्यांच्या छातीत जातो.

२०२४ मधे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून अनिरुद्ध वशिष्ठ, विक्रम अय्यर यांच्या गटाचं एक सुंदर काम आलं. त्यांनी इपॉक्सीच्या जागी व्हिट्रिमर नावाचं, बंध परत जुळवता येतात असं प्लॅस्टिक घेतलं. बोर्ड एका सॉल्व्हंटमधे ठेवला की हे प्लॅस्टिक विरघळत नाही, जेलीसारखं फुगतं, मग काचेचं कापड अख्खंच्या अख्खं सुटून येतं, पार्ट पण सुटतात, आणि फुगलेलं प्लॅस्टिक परत नव्या बोर्डला वापरता येतं. ९८ टक्के व्हिट्रिमर, सगळं काचेचं कापड आणि ९१ टक्के सॉल्व्हंट परत मिळाल्याचं त्यांनी दाखवलं. मला यात आवडतं ते हे की बोर्ड बनवायची पद्धत जवळपास आहे तीच राहते, कारखानदाराला सगळं मोडून नवीन उभं करावं लागत नाही.

जुने फोन परत कामाला लावायचं काही संशोधन आहे का?

आहे, आणि मन लावून वाचण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या लोकांनी जुने पिक्सेल थ्री-ए फोन एकत्र जोडून छोटा सर्व्हर केला आणि २०२३ मधे त्याचा पेपर आला. फोन बनवताना गेलेला कार्बन आधीच गेलाय, आता त्याच्याकडून जेवढं काम काढाल तेवढा तो जास्त कामांवर वाटला जातो, हा सरळ विचार. अडचणी पण आहेत, बॅटरी फुगते, कंपन्या सॉफ्टवेअर अपडेट बंद करतात, फोन सुरू करणारा बूटलोडर लॉक असतो म्हणून दुसरं सॉफ्टवेअर टाकता येत नाही. म्हणजे हार्डवेअर ठणठणीत असून फोन मरतो तो सॉफ्टवेअरमुळे, आणि हे बदलायला नवीन विज्ञान लागत नाही, कायदा लागतो.

चिप जास्त कार्यक्षम झाली की आपोआपच वीज वाचणार नाही का?

एका चिपची वाचते, सगळ्यांची मिळून वाचेलच असं नाही. स्वस्त झालं की वापर वाढतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मधे डेटा सेंटरांनी ४१५ टेरावॉट-अवर वीज घेतली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि एआयमुळे हा आकडा वाढतोय.

चिपचा कारखाना तसा स्वच्छ असतो ना, धूर नाही काही नाही?

धूर नसतो हे खरं. पण सिलिकॉन व्हॅलीचा इतिहास बघा. १९८१ च्या शेवटी सॅन होजेमधे फेअरचाइल्ड या चिप कंपनीच्या कारखान्यातल्या जमिनीखालच्या टाकीतून सॉल्व्हंट गळून पिण्याच्या विहिरीपर्यंत गेल्याचं उघड झालं, मग आजूबाजूला तपासणी सुरू झाली आणि अशा जागा एकामागून एक सापडत गेल्या. आज अमेरिकेत सर्वाधिक सुपरफंड जागा, म्हणजे सरकारने साफसफाईसाठी नोंदवलेल्या विषारी जागा, असलेला जिल्हा म्हणजे सांता क्लारा, तीच सिलिकॉन व्हॅली. काही ठिकाणी भूजल अजून उपसून साफ करतायत. आपल्याकडे नवीन कारखाने येतायत तर ही गोष्ट आपल्या प्रत्येक कलेक्टर ऑफिसात माहीत असायला हवी.

भारतात, महाराष्ट्रात यावर काम होतं का?

होतं. पुण्यात पाषाणला मुख्यालय असलेली सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियलवरच काम करते, आणि तिच्या हैदराबाद केंद्रात बोर्डमधून धातू परत मिळवायच्या पद्धती विकसित केल्यात. आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीत नॅनोफॅब, म्हणजे चिप बनवायच्या प्रयोगशाळा, आहेत आणि सरकारी योजनेतून बाहेरच्या कॉलेजच्या संशोधकांना पण तिथं काम करता येतं, हे बऱ्याच प्राध्यापकांनाच माहीत नसतं.

सरकारने डिसेंबर २०२१ मधे ७६,००० कोटींचं सेमीकंडक्टर मिशन जाहीर केलं. साणंदला मायक्रॉनचं काम आहे ते असेंब्ली-टेस्टिंगचं, म्हणजे तयार चिप पॅक करून तपासायचं, धोलेराला टाटांची आहे ती वेफर फॅब, म्हणजे वेफरवर प्रत्यक्ष चिप बनवायचा कारखाना. दोन्हीला आपण चिप कारखानाच म्हणतो पण वर सांगितलेले गॅस, पाणी, केमिकल यांचा मोठा भार फॅबमधे असतो. म्हणून तिथल्या पाण्याचा आणि गॅसचा स्वतंत्र हिशोब आपल्या विद्यापीठांनी पहिल्या दिवसापासून ठेवावा, आकडे उघड असावेत, असं मला मनापासून वाटतं. कंपनीने स्वतःचे मार्क स्वतःच द्यायचे असं नको.

मला यात करिअर करायचंय, कुठली ब्रांच घेऊ?

इलेक्ट्रॉनिक्सच हवं असं अजिबात नाही. केमिकल, मटेरियल्स, केमिस्ट्री, एन्व्हायर्न्मेंटल सगळ्यांना जागा आहे, किंबहुना गॅस आणि रेझिस्टच्या कामात केमिकलवाल्यांनाच जास्त मागणी. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी शिका, लाईफ सायकल असेसमेंट, म्हणजे वस्तूचा जन्मापासून शेवटपर्यंतचा हिशोब. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात सेरा बॉइड यांनी चिपच्या याच हिशोबावर पीएचडी केली, अशा प्रकारचं काम वाचायला सुरुवात करा. आणि कुठलाही "ग्रीन" दावा वाचलात की बघा, हिशोबात कारखाना धरलाय का नुसता वापर, भार प्रत्येक चिपमागे सांगितलाय का एकूण, आणि विजेच्या जागी पाणी किंवा केमिकल तर वाढलं नाही ना.

युट्यूबवर बोर्डमधून सोनं काढायचे व्हिडिओ आहेत, प्रोजेक्ट म्हणून घरी करू का?

नाही. त्यात नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र वापरतात, नायट्रोजन डायऑक्साईडचा लालसर धूर येतो आणि फुप्फुसाला त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो, तोपर्यंत माणसाला वाटतं काही झालंच नाही. वर उरलेलं तांबं-शिशाचं ॲसिड मोरीत ओतलं की ते थेट ड्रेनेजमधे. कॉलेजमधे धूर ओढून घेणारं फ्यूम हूड, गाईड आणि टाकाऊ ॲसिड गोळा करायची सोय असेल तर तिथं करा, नाहीतर बोर्ड नोंदणी असलेल्या ई-कचरा रिसायकलरकडे द्या, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर त्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी आहेच. आणि प्रोजेक्टच हवा असेल तर वर्गातल्या सगळ्यांचे बंद पडलेले फोन गोळा करून ते नेमके कशामुळे बंद पडले याची यादी करा, बॅटरी, स्क्रीन, चार्जिंग पोर्ट, का नुसतंच अपडेट थांबलं म्हणून.